मित्सुबिशीच्या लॉकरमधल्या तक्रारी

१३ जानेवारी २००२ रोजी हिरोशी मासुओका या जपानी चालकानं मित्सुबिशी पाजेरो घेऊन डाकारची शर्यत जिंकली. युरोपातून निघायचं, सहारा पार करायचं आणि सेनेगलच्या किनाऱ्यावर पोहोचायचं, अशी तेव्हा ही शर्यत होती. वाळू, दगड, दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांत गाडीचा एकेक सांधा तपासून निघतो. मित्सुबिशीनं ही शर्यत एकूण १२ वेळा जिंकली, त्यातली २००१ ते २००७ ही सात वर्षं सलग. २००१ साली ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री, युटा क्लाइनश्मिट, हीसुद्धा पाजेरोतच होती. इतका मजबुतीचा दाखला फार थोड्या कंपन्यांकडे असेल.

मासुओका डाकारला पोहोचायच्या तीन दिवस आधी, १० जानेवारीला, जपानमध्ये योकोहामा शहराच्या सेया भागात मित्सुबिशीच्याच एका अवजड वाहनाचं पुढचं चाक धावता धावता निखळलं. उतारावरून घरंगळत गेलेलं ते चाक पायी चाललेल्या एका कुटुंबावर आदळलं. २९ वर्षांची आई मरण पावली, सोबतची तिची दोन लहान मुलं जखमी झाली. चाक ज्या ओतीव लोखंडी भागावर नटांनी आवळलेलं असतं त्याला हब म्हणतात. तो हबच तुटला होता. कंपनीनं सांगितलं, वाहन मालकानं नीट राखलेलं नाही, नट वेळेवर तपासलेले नाहीत, झिजलेला हब बदललेला नाही. संशय वाहतूक कंपनीवर गेला. सरकारी खात्याला कंपनीनं लेखी कळवलं की झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच हब तुटतो, म्हणजे दोष देखभालीचा.

हे खोटं होतं. १९९२ पासून अशी चाकं निखळल्याच्या पन्नासहून अधिक घटना कंपनीच्या कागदोपत्री नोंदलेल्या होत्या. मार्च २००४ मध्ये, अपघाताला दोन वर्षं उलटल्यावर, ट्रकचा वेगळा झालेला विभाग मित्सुबिशी फुसो यानं कबूल केलं की हबच्या रचनेतच दोष होता, आणि एक लाखाहून अधिक वाहनं परत बोलावली.

या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवतो आहे, कारण एखाद्या ब्रँडच्या लौकिकाबद्दल आपण बोलतो तेव्हा पहिलीच आपल्याला माहीत असते. दुसरी माहीत व्हायला कुणाचा तरी जीव जावा लागतो, मग पोलीस लागतात, कोर्ट लागतं आणि वर्षं जातात. माझं म्हणणं असं आहे की मित्सुबिशीच्या बाबतीत मोठं नाव आणि लपवाछपवी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. नाव मोठं होतं म्हणूनच लपवाछपवी झाली आणि इतकी वर्षं टिकली. त्यामुळे गाडी सुरक्षित आहे की नाही, हे ठरवण्याचं काम कंपनीच्या अब्रूवर सोडता येत नाही. तक्रारींची नोंद कंपनीच्या कपाटाबाहेर, लोकांना वाचता येईल अशा जागी असली पाहिजे. जपान ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकला. आपण अजून शिकायचे आहोत.

नाव किती मोठं, ते आधी पाहू. तोसा प्रांतातल्या यातारो इवासाकी यानं १८७० मध्ये जहाजवाहतूक सुरू केली, आणि १८७३ पासून तिला मित्सुबिशी हे नाव मिळालं. तोसाच्या सरदार घराण्याच्या चिन्हातली ओकची तीन पानं आणि इवासाकी घराण्याचे तीन शंकरपाळी आकार यांच्या मिलाफातून आजचं बोधचिन्ह झालं. त्या जहाजवाहतुकीचा मुंबईशीही संबंध आला. मित्सुबिशीचा जहाजधंदा १८८५ मध्ये दुसऱ्या कंपनीत मिळून निप्पॉन यूसेन कैशा ही कंपनी उभी राहिली होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी तिच्याशी हातमिळवणी केली आणि ब्रिटिश जहाज कंपनीच्या मक्तेदारीला टक्कर देत मुंबई ते कोबे अशी थेट वाहतूक सुरू झाली. आपल्याकडचा कापूस त्या मार्गानं जपानच्या सूतगिरण्यांत गेला. पुढे मित्सुबिशीचं बोधचिन्ह जहाजबांधणी, खाणी, बँक, विमानं सगळ्यावर दिसू लागलं. १९१७ मध्ये कोबेच्या जहाजकारखान्यात इटलीच्या फियाटचा नमुना समोर ठेवून ‘मॉडेल ए’ ही मोटार बनवली गेली, तिच्या अवघ्या २२ गाड्या निघाल्या. आजची मोटार कंपनी स्वतंत्रपणे उभी राहिली ती १९७० साली.

त्यानंतरची तीस वर्षं अभियंत्यांच्या दृष्टीनं खरोखर देखणी आहेत. इंजिनाची थरथर मारणारे बॅलन्स शाफ्ट, १९८२ ची पाजेरो, १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेनला जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवून देणारी लान्सर इव्होल्यूशन. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं तामिळनाडूतल्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात १९९८ पासून लान्सर बनवली, पुढे पाजेरोही आणली. नेत्यांच्या ताफ्यात पाजेरो दिसू लागली तेव्हा तिचा दरारा काय होता, हे त्या काळात गाड्यांकडे डोळे लावून बसलेल्या कुणालाही आठवेल. हे कौतुक फुकटचं नव्हतं. गाड्या चांगल्या होत्या.

पण याच काळात कंपनीच्या आत काय चाललं होतं?

जुलै २००० मध्ये एका निनावी खबरीवरून जपानच्या परिवहन मंत्रालयाचे अधिकारी कंपनीच्या मुख्यालयात शिरले. ग्राहकांच्या तक्रारींचे कागद त्यांना कर्मचाऱ्यांच्या लॉकर-रूममध्ये सापडले. चौकशीत निघालं की १९७७ पासून तक्रारींची दुहेरी व्यवस्था होती. काही तक्रारी सरकारी तपासनीसांना दाखवायच्या, बाकीच्या बाजूला ठेवायच्या. म्हणजे तेवीस वर्षं! या काळात माणसं भरती झाली, बढत्या घेऊन निवृत्त झाली आणि ही पद्धत नव्या माणसांच्या हाती सोपवून गेली. कुणा एका लबाड माणसाला काढून हा प्रश्न सुटला नसता. ती कचेरीची रीत झालेली होती.

बाजूला ठेवलेल्या तक्रारींचं पुढे काय व्हायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. गाडी सर्व्हिसला आली की तो भाग गुपचूप बदलून द्यायचा. ग्राहक खूश, मंत्रालयाला कळवायची गरज नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. ज्याची गाडी सर्व्हिसला आली नाही, तो त्या दोषासकट रस्त्यावर फिरत राहायचा. योकोहामाच्या त्या वाहनासारखा.

आता कुणी म्हणेल, हे जपानमध्ये झालं, त्याचं आपल्याला काय? आपल्याकडे शोरूमच्या मागच्या सर्व्हिस सेंटरमध्ये उभं राहून पाहा. गाडीच्या पुढच्या चाकातून आवाज येतो म्हणून तुम्ही सांगता. सर्व्हिस अॅडव्हायझर जॉब कार्डावर काहीतरी लिहितो आणि समजावणीच्या सुरात म्हणतो, “सर, ह्या मॉडेलला असा आवाज येतोच.” हे वाक्य मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकलं आहे, गाडी घेतलेल्या बहुतेकांनी ऐकलं असेल. ते ऐकून आपल्याला हायसं वाटतं, सगळ्यांचंच असं आहे म्हणजे आपली गाडी ठीक आहे. खरं तर त्या वाक्यातच कबुली आहे. सगळ्यांचंच असं आहे, हे त्याला ठाऊक आहे. कंपनीलाही ठाऊक आहे. फक्त तुम्हाला ठाऊक नाही, आणि ज्यानं विचारलंच नाही त्याला तर कधीच कळणार नाही.

मराठीत आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. घराण्याच्या अब्रूसाठी हे धोरण चालत असेल. ब्रेक, स्टिअरिंग आणि हब यांच्या बाबतीत त्यातून माणसं मरतात.

सन २००० च्या त्या प्रकरणानंतर कंपनीनं लाखो गाड्या परत बोलावल्या, अध्यक्ष कात्सुहिको कावासोए यांना पद सोडावं लागलं, सगळं उघड केल्याचं जाहीर झालं. ते उघड केलेलं पूर्ण नव्हतं. ऑक्टोबर २००२ मध्ये यामागुची प्रांतात एका ट्रकचे ब्रेक गेले आणि चालक ठार झाला. क्लच हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, दोषामुळे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट गळून ब्रेकची नळी तुटली होती. तो दोष कंपनीला २००२ च्या कितीतरी आधीपासून माहीत होता. २००४ मध्ये माजी अध्यक्षांसह अनेकांना अटक झाली. लपवलेल्या दोषांची नवी यादी बाहेर आली, जपानमधली विक्री कोसळली आणि भागीदार डायम्लरक्रायस्लरनं आणखी पैसे ओतायला नकार दिला. मित्सुबिशी नावाच्या बँकेनं आणि इतर भावंड कंपन्यांनी सावरलं नसतं तर मोटार कंपनी तेव्हाच संपली असती.

मला यातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो तो दंडाचा. योकोहामाच्या अपघातानंतर मंत्रालयाला खोटा अहवाल दिल्याबद्दल २००८ मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयानं कंपनीला दोषी ठरवलं तेव्हा दंड झाला २ लाख येन. अपघाताच्या वेळी कायद्यात तेवढीच तरतूद होती. एका लहान नव्या गाडीचे पैसेही त्यात येत नाहीत. जपानी संसदेनं २००२ मध्येच कायदा बदलला होता, गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंत्रालयाला दिला आणि कंपनीला होणाऱ्या दंडाची मर्यादा २० कोटी येनपर्यंत नेली. कायदा बदलला तो या कंपनीनं काय केलं ते दिसल्यावर.

इथवर वाचून वाटेल की कंपनी सुधारली, गोष्ट संपली. एप्रिल २०१६ मध्ये अध्यक्ष तेत्सुरो आयकावा पत्रकारांसमोर वाकून उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की ६ लाख २५ हजार लहान गाड्यांच्या मायलेजचे आकडे फिरवलेले आहेत. यातल्या बऱ्याचशा गाड्या निस्सानच्या नावानं विकल्या गेल्या होत्या आणि गडबड लक्षात आली तीही निस्सानच्या अभियंत्यांच्या.

मायलेज फिरवतात कसं? प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून इंधन मोजतात. पण रोलरवर वारा लागत नाही, रस्ता टायर धरून ठेवत नाही. म्हणून आधी खऱ्या ट्रॅकवर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडायची, वेग उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, त्यावरून वाऱ्याचा आणि टायरचा अडथळा किती हे काढायचं आणि तेवढा अडथळा रोलरला लावायचा. हा अडथळ्याचा आकडा कंपनी स्वतः मोजते आणि सरकारला देते. तो थोडा कमी दाखवला की लिटरमागे किलोमीटर आपोआप वाढतात. मित्सुबिशीनं नियमातली पद्धत सोडून वेगळ्याच पद्धतीनं मोजमाप केलं, सोयीचे आकडे निवडले, काही ठिकाणी टेबलावर बसूनच हिशेब केला. नियमबाह्य पद्धत १९९१ पासून चालू होती. त्या लहान गाडीचं उद्दिष्ट विकासाच्या काळात पाच वेळा वाढवून लिटरला २६.४ वरून २९.२ किलोमीटरवर नेलं होतं. वरून उद्दिष्ट वाढत गेलं, खालून ‘होत नाही’ म्हणायची सोय नव्हती.

चौकशी समितीच्या अहवालात एक तपशील आहे. २००५ साली कंपनीत नव्यानं लागलेल्या एका कर्मचाऱ्यानं नवोदितांच्या सादरीकरणाच्या बैठकीत सांगितलं होतं की आपली मोजण्याची पद्धत नियमाप्रमाणे नाही, ती बदलायला हवी. वरिष्ठ समोर बसले होते. त्यांनी ऐकलं आणि काहीही बदललं नाही. पुढची ११ वर्षं तेच चालू राहिलं. २००० आणि २००४ ची बदनामी, अटका आणि माफीनामे या सगळ्यांतून गेलेल्या कंपनीत, बोलणारा माणूस समोर उभा असताना हे घडलं. त्या तरुणाच्या मनात त्या दिवशी काय आलं असेल याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानं कंपनीचं नाव वाचवायचा प्रयत्न केला होता, आणि त्याच्याकडे बाहेर बोलायला जागा नव्हती.

२०१६ संपण्याआधी निस्साननं ३४ टक्के भाग घेऊन कंपनीचा ताबा मिळवला. त्या आधीच मंत्रालयाला आढळलं होतं की घोटाळा उघड झाल्यावर केलेल्या फेरमोजणीतही कंपनीनं अयोग्य पद्धतीनं सोयीचे आकडे उचलले होते. हे वाचल्यावर कंपनीच्या ‘आम्ही आता सुधारलो’ या शब्दावर विसंबावं असं मला तरी म्हणवत नाही. कुठल्याही कंपनीच्या बाबतीत.

या भूमिकेला एक वजनदार आक्षेप आहे. तक्रारी सगळ्यांसमोर ठेवल्या की खऱ्याबरोबर खोट्याही येतील, प्रतिस्पर्धी माणसं लावून तक्रारी करतील, आणि घाबरलेले लोक आपली चूक गाडीवर ढकलतील. टोयोटाच्या बाबतीत २००९-१० मध्ये अमेरिकेत हे काही प्रमाणात झालं. गाडी आपोआप वेग घेते अशा तक्रारींचा पूर आला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत दोष आहे का हे शोधायला थेट नासाच्या अभियंत्यांना बोलावलं गेलं. २०११ मध्ये त्यांनी सांगितलं, तसा दोष सापडला नाही. फ्लोअर मॅटमध्ये अडकणारं आणि चिकटणारं पेडल हे दोन दोष खरे होते, आणि बऱ्याच तक्रारींत चालकाचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला होता. म्हणजे तक्रारी उघड असल्यामुळे गोंगाट झाला, पण तक्रारी उघड असल्यामुळेच त्यांची उघड छाननीही झाली आणि कंपनीवरचा एक मोठा आरोप दूर झाला. तरीही टोयोटाला २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले, ते पेडलच्या दोषासाठी नव्हे, लोकांना आणि सरकारला दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून. खोट्या तक्रारींवर उपाय तपास हा आहे. लॉकर नव्हे.

आपल्याकडे काय आहे? २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉलची, म्हणजे गाड्या परत बोलावण्याची, संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांबाबत ठरावीक संख्येनं तक्रारी आल्या तर सरकार चौकशी करून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. सक्तीनं रिकॉल करावं लागलं तर नियमांत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत रक्कम आकारण्याची तरतूद आहे. एका कोटीत आज दोन-तीन मोठ्या एसयूव्ही येतात. हजारो गाड्यांचा भाग बदलण्याचा खर्च कित्येक कोटी असेल, तर गप्प बसणं स्वस्त पडतं हे कुठल्याही हिशेबनिसाला कळतं. जपानच्या २ लाख येनच्या वेळी हाच हिशेब झाला होता.

आणि तक्रारींची संख्या पुरेशी होणार कशी? तक्रार करणाऱ्या माणसाला त्याच्यासारखे आणखी किती आहेत हे दिसलं तरच तो नोंद करायला बसेल. अमेरिकेत रस्ते सुरक्षा प्रशासनाकडे आलेल्या तक्रारी मॉडेल आणि वर्ष टाकून घरबसल्या वाचता येतात. तिथल्या २००० सालच्या कायद्यानं कंपन्यांना आणखी एक बंधन घातलं. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांच्या वॉरंटी दाव्यांची आणि अपघाती मृत्यूंची माहिती त्यांनी ठरावीक काळानं द्यायची, आणि दुसऱ्या देशात तीच गाडी परत बोलावली तर तेही कळवायचं. फायरस्टोनच्या टायरमुळे माणसं मेली तेव्हा हा कायदा झाला. आपल्या नियमांत या दोन्ही गोष्टी याव्यात अशी माझी मागणी आहे. ‘ह्या मॉडेलला असा आवाज येतोच’ हे सर्व्हिस अॅडव्हायझरच्या तोंडून ऐकण्याऐवजी गाडी घेण्याआधी आपण स्वतः वाचू शकलो पाहिजे.

आपल्या मनातलीही एक सवय मोडायला हवी. एखाद्या कंपनीनं गाड्या परत बोलावल्या की आपण लगेच म्हणतो, ही गाडी भंगार. मग कुठली कंपनी स्वतःहून पुढे येईल? मित्सुबिशीच्या अधिकाऱ्यांना भीती कायद्याची नव्हती, कायदा तर दोन लाख येनचा होता. त्यांना भीती या प्रतिक्रियेची होती. स्वतःहून, लवकर आणि सगळे तपशील देऊन गाड्या बोलावणाऱ्या कंपनीकडे मी आदरानं पाहतो, आणि ज्या कंपनीनं वर्षानुवर्षं एकही गाडी परत बोलावलेली नाही तिच्याविषयी मला आधी शंका येते. लाखो गाड्या बनवताना कुठेच चुकलं नाही, हे पटणारं नाही.

दिल्लीचा कायदा बदलेल तेव्हा बदलेल. राज्य सरकारला मात्र आज एक गोष्ट करता येईल, कारण ते स्वतः मोठं गिऱ्हाईक आहे. एसटीच्या प्रत्येक डेपोत ब्रेकडाउनची नोंद होते. कुठल्या बनावटीच्या बसचा कुठला भाग किती किलोमीटरवर गेला, हे डेपोतल्या यांत्रिकांना तोंडपाठ असतं, आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत ते सुटे भाग हाताळणारी माणसं वर्षानुवर्षं काम करतात. हब, ब्रेक ड्रम, स्टिअरिंगचे सांधे यांच्या बिघाडांची बनावटीनुसार नोंद महामंडळानं दर तीन महिन्यांनी जाहीर करावी आणि पुढच्या खरेदीच्या निविदेत ती पुरवठादारासमोर ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.